मारून घेतलेली कबुली आणि कायदा

“गुन्हा त्याने स्वतःच कबूल केला,” असे वर्तमानपत्रात वाचले की आपण त्या माणसाला मनोमन शिक्षा देऊन मोकळे होतो. ही कबुली कोणापुढे आणि कशी दिली, हे आपण विचारत नाही. न्यायालय मात्र तेच आधी विचारते. वस्तीतील प्रत्येक विद्यार्थ्याला हा विषय ठाऊक असावा, म्हणून आम्ही तो येथे थोडक्यात मांडीत आहोत.

भारतीय संविधानाच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. यासंबंधीचे नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्यातील कलम २२ व २३ प्रमाणे :

१) धमकी, जबरदस्ती, प्रलोभन वा आश्वासन देऊन मिळविलेली कबुली ग्राह्य नाही.
२) पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही.
३) पोलीस कोठडीत असताना इतर कोणापुढे दिलेली कबुलीही चालत नाही, ती प्रत्यक्ष न्यायदंडाधिकाऱ्यासमोर दिलेली असावी लागते.

याला अपवाद आहेत. आरोपीच्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या शोधापुरताच भाग चालतो. ‘सुरा अमुक विहिरीत आहे’ हे ग्राह्य; ‘त्याच सुऱ्याने मी मारले’ हे अग्राह्य. प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या खटल्यात ही मर्यादा आखून दिली. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ‘मोक्का’ कायद्यात पोलीस अधीक्षक वा त्यावरील अधिकाऱ्याने नोंदविलेली कबुली चालते. परंतु तीही स्वेच्छेचीच हवी.

न्यायदंडाधिकाऱ्याने आधी समजावून सांगितले पाहिजे की, कबुली देण्याचे बंधन नाही आणि दिल्यास ती विरुद्ध वापरली जाऊ शकते. आरोपीने नकार दिला, तर त्या नकारामुळे त्याला पोलीस कोठडीत पाठविता येत नाही.

कायदा इतका सावध का? मार थांबावा म्हणून निरपराध माणूसही ‘हो’ म्हणतो. मग तो तुरुंगात जातो आणि खरा गुन्हेगार मोकळा राहतो. यात नुकसान फिर्यादीचेही होते.

आम्ही बँकेत काम करतो. ‘कोऱ्या स्लिपवर अंगठा उठवू नका,’ असे खातेदारांना रोज सांगतो. पोलीस ठाण्यातही हेच लक्षात ठेवावे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या साध्या जबाबावर, तो देणाऱ्याची सही घेऊ नये, असे कायदाच सांगतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत मांडलेली तरतूद आज कलम २२ म्हणून आपल्या पाठीशी आहे. अटकेचे कारण कळणे, वकिलाचा सल्ला मिळणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाणे, हे आपले हक्क आहेत. डी. के. बसू खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने नातेवाइकाला कळविणे आणि कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक ठरविले.

तेव्हा मारहाण झाली असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर पहिल्याच दिवशी, न घाबरता सांगावे. तेथे गप्प बसलेल्या माणसाची बाजू पुढे सिद्ध करणे फार कठीण जाते.