नॉर्मल टीएसएचच्या आड

थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. माझा आजार मात्र त्या नॉर्मल रिपोर्टमुळेच कित्येक वर्षं लपून राहिला.

अंगात त्राण नसायचं. भर वैशाखात थंडी वाजायची. भाकरी थापता थापता मध्येच खाली टेकावं लागायचं. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिकं झाली, 'फार मनाला लावून घेता' हेही ऐकून झालं. दर वेळी थायरॉइडचा टीएसएच तपासायचे, दर वेळी तो ठीक यायचा. शेवटी साध्या जुलाब-उलट्यांचं निमित्त झालं आणि मी बेशुद्ध पडले. सोडियम घसरलेलं, साखर घसरलेली, सलाईन लावूनही रक्तदाब वर येईना. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना विचारलं, "शेवटच्या बाळंतपणात यांच्या अंगावरून फार गेलं होतं का? बाळाला दूध आलं होतं?"

गेलं होतं. रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या होत्या. अळीव, शतावरी, डिंकाचे लाडू, सगळं करूनही पान्हा फुटला नव्हता. नंतर पाळी आलीच नाही, तेव्हा बायका म्हणाल्या, 'सुटलीस!' काखेतले केस गेले, त्याबद्दल कधी कुणी विचारलं नाही.

हा शीहान सिंड्रोम. ग्लासगोत काम करणारे डॉक्टर हॅरल्ड शीहान यांनी १९३७ साली त्याचं वर्णन केलं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी गरोदरपणात वाढते, तिला रक्तही जास्त लागतं. बाळंतपणात अति रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला, तर तिचा पुढचा भाग मरू शकतो. दूध, पाळी, थायरॉइड, ताण झेलायला लागणारं कॉर्टिसॉल, सगळ्यांना हुकूम तिथूनच सुटतात. थायरॉइडला जाणारा हुकूम म्हणजे टीएसएच, तोही तीच बनवते. ती निकामी झाल्यावर त्या एकट्या आकड्यावर विसंबता येत नाही, सोबत फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, बघावंच लागतं. माझं ते फारच कमी निघालं.

यात एक धोका जीवघेणा आहे. कॉर्टिसॉल कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन, सुरू केली, तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही झपाट्यानं खर्ची पडतं आणि पेशंट कोसळू शकतो. म्हणून सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल तपासायचं, हायड्रोकॉर्टिसोन आधी द्यायचं आणि थायरॉक्सिन नंतर.

हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइड म्हटलं की नातेवाईक घाबरवतात. पण शरीर जे बनवत नाही, तेवढंच आपण बाहेरून देतो. ही गोळी आपल्या मनानं कधीही बंद करू नका. ताप आला तर डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे डोस दुप्पट-तिप्पट करायचा. उलटीत गोळी टिकत नसेल तर वाट न पाहता दवाखाना गाठून इंजेक्शन घ्यायचं. माझ्या पर्समध्ये चिठ्ठी असते: 'माझ्या शरीरात कॉर्टिसॉल बनत नाही. तातडीनं हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम द्या.'

बाळंतपणात फार रक्त गेलेली, दूध न आलेली, पाळी न परतलेली कुणी बाई तुमच्या घरात सारखी थकत असेल, तर तिला एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे न्या. बाळंतपणाची हकीकत सगळ्यात आधी सांगा. ते मूल आता कॉलेजात जात असलं, तरीही सांगा.