घरात हात उगारणारे मूल

आईबापांच्या पुष्कळ चिंता चारचौघांत बोलून दाखविता येतात. पीक बुडाले, कर्ज झाले, दुखणे आले, तर शेजारी येऊन बसतात. परंतु आपले नऊ वर्षांचे मूल रागाच्या भरात आपल्याला लाथ मारते, चावते, ताटातली भाकरी अंगणात भिरकावते, ही गोष्ट आई कोणास सांगत नाही. सांगितली तर, "तुम्हीच लाडावून ठेवले," असे उत्तर मिळेल, हे तिला ठाऊक असते. शाळेतले गुरुजी तर म्हणतात, मुलगा गरीब गाय आहे. मग दोष आपलाच असला पाहिजे, असे तिला वाटू लागते. ह्या पाठात आम्ही अशाच घरांविषयी लिहिणार आहो.

प्रथम वयाचा विचार करावा. दोन-तीन वर्षांच्या मुलाने मारणे, ढकलणे ही काही रोगाची खूण नव्हे. चार्ल्स डार्विन ह्या प्रसिद्ध सृष्टिशास्त्रज्ञाने आपल्या मुलाच्या बालपणाची टिपणे १८७७ साली छापली. सवादोन वर्षांचा असताना तो राग आणणाऱ्यावर पुस्तके व काठ्या फेकण्यात पटाईत झाला होता, असे त्यांत नमूद आहे. शब्द थोडे आणि इच्छा मोठी, अशी त्या वयाची अवस्था असते. बोलणे वाढते तसतसे बहुतेक मुलांचे हे वर्तन ओसरते. सात-आठ वर्षांनंतरही ते वारंवार घडत असेल, कोणास दुखापत होत असेल, तर मात्र "मोठा झाला म्हणजे सुधारेल," असे म्हणून स्वस्थ बसू नये. आणि मुलगा आहे म्हणून अशा रागाचे कौतुक करणारे जे काका-मामा असतात, त्यांस आम्ही स्पष्ट सांगतो की, ह्या कौतुकाची किंमत पुढे त्याची बायको देईल.

हे वर्तन घरात मुरते कसे, हे नीट समजून घ्यावे. अमेरिकेतील ओरेगॉन प्रांतात जेराल्ड पॅटरसन ह्या मानसशास्त्रज्ञाने आपले निरीक्षक लोकांच्या घरी पाठवून, आईबाप व मूल ह्यांच्यामध्ये क्षणोक्षणी काय घडते ते लिहून घेतले. १९८२ साली त्याने आपल्या ग्रंथात जे मांडले, ते आमच्या ओसरीवरही दिसते. आई म्हणते, "मोबाईल ठेव, पुस्तक काढ." मूल ऐकत नाही. ती आवाज चढविते; ते किंचाळते. ती मोबाईल ओढते. ते तिच्या हाताला चावते, पाण्याची कळशी लाथेने उलथून देते. आतून आजी म्हणते, "जाऊ दे गं, पोराला रडवू नकोस." आई मोबाईल सोडते आणि घर एकदम शांत होते. ह्या शांततेत दोघांनीही काही शिकून घेतले. मूल शिकले की, चावल्यावर हुकूम मागे घेतला जातो. आई शिकली की, हुकूम मागे घेतला म्हणजे चावणे थांबते. दोघांची तत्काळ सुटका झाली, म्हणून उद्या दोघांकडून तेच घडेल. फक्त उद्या मूल थोडे लवकर चावेल. येथे दुष्ट कोणीच नाही. हा एक सौदा आहे, आणि तो कोणी ठरवून केलेला नाही.

सायंकाळी बाप शेतावरून येतो, हकीकत ऐकतो आणि पट्टा काढतो. दुपारच्या चावण्याची शिक्षा रात्री मिळते. मुलाच्या मनात तिचा संबंध चावण्याशी लागत नाही, आईच्या चहाडीशी लागतो. शिवाय ज्याच्या अंगात बळ अधिक त्याने मारावे, हा धडा त्याला त्याच पट्ट्याने मिळतो, आणि तो धाकट्या बहिणीच्या पाठीवर गिरविला जातो. ज्या घरात बाप आईवर हात टाकतो, तेथे तर मुलाच्या रागाची चिकित्सा त्या हातापासूनच सुरू केली पाहिजे.

सौदा मोडावयाचा, पण भर वादळात नव्हे. १९३१ साली फ्लॉरेन्स गुडइनफ ह्या विदुषीने अमेरिकेत चाळीसांवर मुलांच्या रागाच्या नोंदी त्यांच्या आईबापांकडून लिहवून घेतल्या. जेवणाची व झोपेची वेळ जवळ आली की राग वाढतो, असे त्यांत दिसून आले. आमच्या वाचकांनीही एका जुन्या वहीत दोन आठवडे लिहावे: केव्हा, आधी काय झाले, नंतर कोणी काय केले. कित्येक घरांत असे आढळेल की, मूल शाळेतून उपाशी येते आणि दारातच त्याला अभ्यासाचा हुकूम होतो. आधी भाकरी द्यावी, मग हुकूम. हुकूम थोडेच द्यावेत. जो पुरा करून घेता येणार नाही तो देऊच नये. आजी, आई, बाप ह्यांनी एकदा बसून एकच बोलणे ठरवावे. आजीची समजूत घालणे हे ह्यातले सर्वांत कठीण काम होय, पण ते केल्यावाचून पुढचे फुकट आहे.

राग उसळला म्हणजे धाकट्या मुलांस बाजूस न्यावे. विळा, कोयता, मुसळ नेहमीच आवाक्याबाहेर ठेवावीत. मूल मारू लागल्यास हात धरून अडवावे, उलट मारू नये. त्या वेळी उपदेश करू नये, सौदाही करू नये. शांत झाल्यावर उलथलेली कळशी त्याने स्वतः भरून आणावी, एवढेच. आणि ज्या दिवशी त्याने रागातही हात आवरला, त्या दिवशी ते लगेच बोलून दाखवावे. घर हुकमावर ठाम राहू लागले की, पहिले काही दिवस मूल अधिक जोराने आदळआपट करील. पूर्वीचा भाव मिळतो का, हे ते पाहत असते. ह्याच दिवसांत पुष्कळ आईबाप हार खातात, आणि मग मूल त्याहून मोठ्याने ओरडावयास शिकते.

काही मुलांच्या रागामागे दुखणे असते: कानाने कमी ऐकू येणे, वाचा उशिरा येणे, फिट्स, अपुरी झोप, स्वमग्नता, अतिचंचलता. ज्या मुलाचा स्वभाव अचानक पालटला, त्याला बाहेर कोणी छळीत तर नाही ना, हेही हळूच विचारावे. भूत लागले म्हणून मांत्रिकाकडून मारहाण करविणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अंगणवाडीत व सरकारी शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येते, त्याच्यापुढे ही गोष्ट बोलावी. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर टेलिमानस ही सरकारी सेवा फुकट सल्ला देते, मराठीतूनही. फोन करताना वही जवळ ठेवावी. केव्हा, किती वेळ, आधी काय झाले, हे तेथे विचारले जाईलच.