गोखरूचा काढा आणि बैलाची तुंबलेली लघवी



वडसा (देसाईगंज) हा वैनगंगेच्या काठचा धानाचा भाग. येथील बैलांच्या दावणीत धानाचे तणीस व गिरणीतील कोंडा हाच मुख्य आहार असतो. बैलाची किंवा खच्ची केलेल्या बोकडाची लघवी तुंबली, की गोखरूचा काढा पाजावा असे जाणती माणसे सांगतात. गोखरू मूत्रल आहे, हे खरे. परंतु लघवी पूर्ण बंद झालेल्या जनावराला तो दिल्यास जीव जाण्याचा धोका आहे. याचे कारण समजून घेऊ.

प्रयोगात काय दिसले?

मूत्रल गुण तपासताना पांढऱ्या उंदरांचे गट करतात. एका गटाला नुसते पाणी किंवा मिठाचे पाणी, दुसऱ्याला फ्युरोसेमाइड हे मूत्रल औषध व तिसऱ्याला वनस्पतीचा अर्क देतात. जाळीच्या पिंजऱ्यात ठेवून काही तासांत जमलेली लघवी मोजतात. तिच्यातील सोडियम व पोटॅशियमही तपासतात.

गोखरूवर असा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या दर किलोस ५ ग्रॅम या मात्रेत पाण्यातील अर्क तोंडाने दिल्यावर उंदरांची लघवी फ्युरोसेमाइडपेक्षाही किंचित जास्त वाढली. लघवीतील क्षारही वाढले. त्याच मात्रेतील मक्याच्या अर्काने मात्र लक्षणीय वाढ झाली नाही.

हा निष्कर्ष बैलाला जसाच्या तसा लागू होत नाही. त्याच हिशेबाने ३०० किलोच्या बैलाला दीड किलो अर्क पाजावा लागेल! शिवाय रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या पोटात अर्कातील घटकांवर जिवाणूंची क्रिया होते.

मूळ अडचण

प्रयोगातील उंदरांचा मूत्रमार्ग मोकळा होता. तुंबलेल्या बैलाच्या मार्गात खडा अडकलेला असतो. मूत्रल औषध मूत्रपिंडाला जास्त लघवी तयार करायला लावते, खडा काढत नाही. पाइपाला बूच बसले असताना मोटार जोरात चालविण्यासारखेच हे आहे. मूत्राशय ताणत जाऊन शेवटी फुटते.

ही लक्षणे ओळखा

१. जनावर वारंवार कुंथते, शेपटी उचलते, पोटावर लाथा मारते.
२. लघवी थेंब थेंब किंवा रक्तमिश्रित होते.
३. लिंगाजवळच्या केसांवर पांढरे खडेदार कण दिसतात.
४. तळमळणारे जनावर अचानक शांत होते व पुढे पोट दोन्ही बाजूंनी फुगते. आराम पडला असे समजू नये. मूत्राशय फुटल्याचे ते लक्षण असू शकते.

अशा वेळी काढा व भरपूर पाणी जबरदस्तीने पाजू नये. सकाळची वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे. खडा बहुधा शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. लघवी मोकळी होत असेल तरीही गोखरू पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावा.

गोखरू निर्धोक नाही

दक्षिण आफ्रिकेत कोमेजलेला गोखरू चरलेल्या मेंढ्यांचे यकृत बिघडते. मग उन्हात त्यांचे डोके सुजते व कातडी पिवळी पडते. गोखरूतील सॅपोनिन घटकांशी याचा संबंध आहे. म्हणून पडीक रानात गोखरू माजला असल्यास शेळ्या-मेंढ्या तेथे फार वेळ चरू देऊ नयेत.

खडा होऊच नये म्हणून

खड्याचे मूळ बरेचदा दावणीतच असते. धानाच्या कोंड्यात स्फुरद भरपूर, पण चुना फार कमी असतो. तणसात सिलिका व ऑक्झलेट असतात. म्हणून

• कोंडा बेताने द्यावा. उडीद-मुगाचे कुटार व हिरवा चारा जोडीला द्यावा.
• आहारात चुना व स्फुरद यांचे प्रमाण साधारण दोनास एक राहील असे पाहावे.
• मोठ्या बैलाला रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ द्यावे. त्याने तहान लागते व लघवी पातळ राहते.
• हिवाळ्यात जनावरे पाणी कमी पितात. त्यांना ताजे, फार थंड नसलेले पाणी दोन-तीन वेळा दाखवावे.
• गोऱ्हा व बोकड फार लहान वयात खच्ची करू नये. मूत्रमार्ग अरुंद राहतो.

रानातील औषध मोलाचे आहे. पण मार्ग मोकळा आहे की बंद, हे आधी पाहावे. बंद मार्गाला काढा नव्हे, पशुवैद्यक हवा.