माती तपासता, मग डोळे का नाही?

सहायक प्राध्यापक, कृषिविद्या विभाग



पिकाची राखण डोळ्यांत तेल घालून करावी, असे आपण म्हणतो. बियाणे निवडताना, पाभरीची ओळ धरताना, पानाखालचा मावा ओळखताना, औषधाचे माप घेताना आणि बाजार समितीतील हिशोबपट्टी वाचताना सर्वांत आधी लागतात ते डोळे. हंगाम सुरू होण्यापूर्वी आपण पंपाचे नोझल तपासतो, ट्रॅक्टरचे तेल बघतो, मातीचा नमुना प्रयोगशाळेत देतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र 'दिसतंय तोवर दिसतंय' म्हणून गप्प बसतो. मी कृषिविद्या शिकवतो, नेत्रतज्ज्ञ नाही. तरीही हा विषय आपल्यापुढे मांडतो आहे, कारण त्याचा धडा आमच्या घरानेच गिरवला आहे.

आमच्या कपाशीचे काय झाले?

२००९ च्या खरिपातील ही गोष्ट. मी बी.एस्सी. (कृषि) च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गोठ्याच्या कोनाड्यात सारख्याच आकाराच्या दोन बाटल्या होत्या. एकीत मावा-तुडतुड्यांसाठी आणलेले कीटकनाशक, तर दुसरीत ज्वारीतील रुंद पानांच्या तणांसाठी आणलेले २,४-डी हे तणनाशक. वडिलांनी बाटली हातात घेतली, लांब धरून पाहिली आणि अंदाजाने दीड एकर कपाशीवर फवारणी केली. काही दिवसांतच कपाशीची पाने अरुंद होऊन वेडीवाकडी झाली, शेंडे पिळवटले. कपाशी हे पीक २,४-डीला अत्यंत संवेदनशील आहे. त्या दीड एकरातून वेचणीची मजुरीही निघाली नाही.

वडील म्हणाले, "हल्ली कंपन्या अक्षरंच पुसट छापतात." अक्षरे पुसट नव्हती. वडिलांचे वय तेव्हा बावन्न होते आणि चाळिशीचा चष्मा त्यांनी लावलाच नव्हता. आठवडी बाजारातून एक तयार चष्मा घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते. आईच्या आग्रहामुळे आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. तेथे चष्म्याचा नंबर तर मिळालाच, पण डोळ्यांतील दाब वाढलेला आढळला. उजव्या डोळ्याला काचबिंदू होता आणि कडेची थोडी नजर कायमची गेली होती. उजव्या बाजूने येणारा बैल त्यांना वेळेवर दिसत नसे, फाटकाला खांदा लागत असे. आम्ही त्याला धांदरटपणा समजत होतो. बाजारातला चष्मा घेतला असता तर बाटलीवरची अक्षरे दिसली असती, आजार मात्र लपूनच राहिला असता. आज वडील सत्तरीला टेकले आहेत. रोज थेंब घालतात आणि राहिलेली नजर टिकून आहे.

काळी कसदार दिसणारी जमीनही जस्ताला कमी असू शकते, हे तपासणीशिवाय कळत नाही. डोळ्यांचेही तसेच आहे.

डोळ्यांचे नेहमीचे दोष व आजार

१) चाळिशी : डोळ्यातील भिंग तरुणपणी लवचिक असते. जवळचे पाहताना ते आकार बदलते. वयाच्या चाळिशीच्या सुमारास ही लवचिकता कमी होते आणि जवळचे अक्षर धूसर दिसू लागते. हा आजार नाही, वयाचा भाग आहे. कागद लांब धरावा लागणे, सुईत दोरा न ओवता येणे ही त्याची खूण. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हा गैरसमज आहे. वयाप्रमाणे नंबर साठीपर्यंत थोडा थोडा वाढतच असतो, चष्मा लावा अगर न लावा.

२) मोतीबिंदू : भिंग गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. नजर हळूहळू धूसर होते, समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा फाकतो, रंग फिके वाटतात. एखाद्या आजोबांना वयाच्या पासष्टीत अचानक चष्म्याशिवाय वाचता येऊ लागते आणि घरात कौतुक होते. पुष्कळदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नास वर्षांवरील व्यक्तींमधील अंधत्वाचे सुमारे दोन तृतीयांश कारण मोतीबिंदू हेच आढळले. म्हणजे यातील बहुसंख्य लोकांची नजर शस्त्रक्रियेने परत येण्यासारखी होती. मोतीबिंदू कोणत्याही थेंबाने विरघळत नाही. तो 'पिकू द्यावा' ही समजूतही आता सोडावी. शेतातील पीक पिकल्यावर काढावे हे खरे, पण मोतीबिंदू अति पिकला तर डोळ्यातील दाब वाढून दुखणे व नुकसान होऊ शकते. कामात अडचण येऊ लागली की डॉक्टरांच्या सल्ल्याने शस्त्रक्रिया करून कृत्रिम भिंग बसवून घ्यावे.

३) काचबिंदू : डोळ्यात सतत पाण्यासारखा द्रव तयार होतो आणि बाहेर वाहून जातो. निचरा तुंबला की शेतात पाणी साचते, तसा डोळ्यात दाब वाढतो. हा दाब साधारण १० ते २१ मि.मी. पारा इतका असतो. तो वाढला की डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस सुकत जाते. नेहमीच्या प्रकारात डोळा दुखत नाही की लालही होत नाही. आधी कडेची नजर जाते, समोरचे बराच काळ स्पष्ट दिसते, म्हणून रोग्याला पत्ता लागत नाही. दाब मर्यादेत असूनही काहींना हा आजार होतो, म्हणून डॉक्टर दाबाबरोबर नसही पाहतात. गेलेली नजर कोणत्याही उपायाने परत येत नाही, उरलेली मात्र राखता येते. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर धोका जास्त असतो. म्हणूनच मी स्वतः दरवर्षी तपासणी करून घेतो.

४) मधुमेहाचा परिणाम : रक्तातील साखर जास्त राहिली की डोळ्याच्या मागील पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, झिरपतात. सुरुवातीला काहीच त्रास जाणवत नाही. मधुमेह असल्याचे कळताच पडद्याची तपासणी करावी व पुढे दरवर्षी करावी.

५) वडस : ऊन, वारा व धूळ यांमुळे पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे मांसल पापुद्रा वाढतो. रुंद काठाची टोपी व साधा गॉगल वापरावा. पापुद्रा बुबुळावर येऊ लागल्यास डॉक्टरांना दाखवावा.

शेतातील इजा : तासांचा प्रश्न

वरील आजार हळूहळू वाढतात. शेतातील इजा मात्र काही दिवसांत डोळा घेऊन जाऊ शकते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. भाताचे तूस, गव्हाचे कुसळ, मळणीतील भुसा यांनी बुबुळावर ओरखडा पडतो आणि त्याबरोबर बुरशीचे बीजाणू आत जातात. हरभऱ्यात व तुरीत मर आणणारी फ्युजॅरियम बुरशी आपल्या परिचयाची आहे. त्याच कुळातील बुरशी बुबुळावरही जखम पाडते. पिकाच्या मर रोगावर कीटकनाशक मारून उपयोग नाही, तसेच येथेही औषध नेमकेच लागते.

सर्वांत घातक चूक म्हणजे दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' आणून घालणे. त्यांत स्टेरॉइड असेल तर एक-दोन दिवस लाली कमी होते, पण आत बुरशी फोफावते. पुढे बुबुळावर कायमचे फूल पडते. हेच थेंब बरेच दिवस घातल्यास डोळ्यातील दाबही वाढू शकतो. पाते लागले, डोळा खुपू लागला, उजेड सहन होईना, तर डोळा न चोळता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

बोर्डो मिश्रणासाठी चुना विरवताना तो उसळतो. चुना हा अल्कधर्मी असल्याने डोळ्यात खोलवर भाजत जातो. तंबाखूच्या चुन्याची डबी दाबून लहान मुलांचे डोळे भाजल्याची उदाहरणेही घडतात, म्हणून ती मुलांच्या हाती लागू देऊ नये. चुना किंवा कीटकनाशक डोळ्यात गेल्यास क्षणाचाही विलंब न लावता पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा, चुन्याचे कण राहिल्यास पाण्यानेच निघू द्यावेत आणि मग दवाखान्यात जावे. औषधाची बाटली किंवा तिचे लेबल सोबत न्यावे. फवारणीनंतर अंधुक दिसणे, डोळ्याची बाहुली बारीक होणे ही विषबाधेची खूण असू शकते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत काही जणांच्या नजरेवरही परिणाम झाला होता, हे विसरू नये.

तपासणी कोणी, केव्हा करावी?

१. मुलांची शाळेत जाण्यापूर्वी एकदा व पुढे नियमित. एक डोळा अधू असेल तर तो सुधारण्याची उत्तम वेळ सात-आठ वर्षांच्या आतली.

२. चाळिशीनंतर प्रत्येकाने दर एक-दोन वर्षांनी, साठीनंतर दरवर्षी.

३. मधुमेही व काचबिंदूचा वारसा असलेल्यांनी दरवर्षी, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे आधीही.

४. अचानक कमी दिसणे, डोळा तीव्र दुखणे, चमका किंवा काळे ठिपके एकदम वाढणे, एका बाजूला पडदा आल्यासारखे वाटणे, असे झाल्यास त्याच दिवशी.

केवळ चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे तपासणी नव्हे. दूरची व जवळची नजर, डोळ्यातील दाब आणि बाहुली मोठी करून मागचा पडदा व नस, हे सर्व पाहिले गेले पाहिजे. थेंब घातल्यावर काही तास जवळचे धूसर दिसते व ऊन सहन होत नाही. म्हणून स्वतः मोटारसायकल चालवत जाऊ नये, घरातील कोणाला सोबत घ्यावे. अनेक ग्रामीण रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे. त्याअंतर्गत शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते.

घरी करून पाहा

भिंतीवरील दिनदर्शिकेसमोर सात-आठ हात अंतरावर उभे राहा. एका तळहाताने डावा डोळा न दाबता झाका व तारखा वाचा. नंतर उजवा झाका. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा अधू डोळ्याचे उणे झाकतो, म्हणून ही तपासणी एकेका डोळ्याने करावी. फरक जाणवल्यास लगेच दवाखाना गाठावा. फरक न जाणवला तरी नेहमीची तपासणी चुकवू नये, कारण काचबिंदू या परीक्षेत सापडत नाही.

हे टाळा

- डोळ्यात मध, तेल, पाल्याचा रस, अंगावरचे दूध घालणे.
- जिभेने, काडीने किंवा पदराच्या टोकाने कचरा काढणे.
- दुसऱ्याचा चष्मा किंवा उरलेले थेंब वापरणे.
- चष्म्याशिवाय औषधाचे लेबल अंदाजाने वाचणे. तणनाशकाची बाटली व पंप कायम वेगळे ठेवावेत.

रब्बीची मळणी आटोपल्यावर आणि मृगाची धांदल सुरू होण्यापूर्वी आपण मातीचे नमुने घेतो. त्याच आठवड्यात एक दिवस घरातील चाळिशी ओलांडलेल्या सर्वांच्या डोळ्यांसाठी राखून ठेवा. त्यात घरातील स्त्रियांनाही न्या. खुरपणी, वेचणी, निवडणे, पाखडणे ही नजरेची कामे बव्हंशी त्याच करतात आणि दवाखान्याची पाळी मात्र त्यांची शेवटी येते. आमची दीड एकर कपाशी पुढच्या वर्षी पुन्हा लावता आली. वडिलांच्या उजव्या डोळ्याची गेलेली कड मात्र पुन्हा पेरता येत नाही.