आधी मशीन तपासा, मग अँटिव्हायरस

‘नवीन कंप्युटर घेतलाय, कुठला अँटिव्हायरस टाकू?’ असं मला हल्ली बरेच जण विचारतात. माझं काय झालं ते ओळखीपाळखीत सगळ्यांना कळलंय, म्हणून विचारतात. मी आधी त्यांनाच विचारते, ‘विंडोज कोणी टाकून दिलं?’ मी विषय टाळतेय असं त्यांना वाटतं. पण त्या एका प्रश्नाचं उत्तर कळल्याशिवाय अँटिव्हायरसबद्दल काहीही बोलण्यात अर्थ नाही, आणि हे मला नाशिकच्या एका दुकानदाराने पुरते पैसे घेऊन शिकवलं.

मी घरून डीटीपी आणि भाषांतर करते. प्रकाशकांची हस्तलिखितं, दिवाळी अंकांची पानं, प्रेसला जायच्या फाइली, सगळं एकाच मशीनवर असतं. त्याच मशीनवर बाबांच्या पेन्शनची कागदपत्रं, घरातल्या सगळ्यांची आधार आणि पॅन कार्डं, नेट बँकिंग. म्हणून नवीन डेस्कटॉप घेताना मी दुकानात तीन गोष्टी स्पष्ट विचारल्या होत्या. विंडोज जेन्युइन आहे का? बिल जीएसटीचं मिळेल ना? व्हायरसपासून संरक्षणाचं काय? तिन्हींची उत्तरं ‘हो ताई, काळजीच नको’ अशी आली. ‘तुम्ही तेव्हाच विचारायला हवं होतं’ असं मला नंतर ऐकवलं गेलं, म्हणून हे मुद्दाम सांगते. मी विचारलं होतं. माझ्यासमोर, काउंटरवर उभं राहून, खोटं सांगितलं गेलं.

विंडोजमध्ये डिफेंडर असतो, मग वेगळा अँटिव्हायरस कशाला, असंही मी विचारलं. त्यावर तो म्हणाला, डिफेंडर काही कामाचा नाही, आमचा पॅक घेतला नाहीत तर मशीनला काही झाल्यास आम्ही सर्व्हिस देणार नाही. दीड हजार रुपये त्याचे वेगळे घेतले. खोका दिला नाही. पंचवीस आकडी-अक्षरी की व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. शिवाय जाताजाता एक सल्ला दिला, ‘अपडेट करू नका हं, मशीन स्लो होतं. मी बंद करून ठेवलंय.’

काही महिन्यांनी त्या अँटिव्हायरसने तांबडी पट्टी दाखवायला सुरुवात केली. तुमचा परवाना या संगणकासाठी वैध नाही. दुकानात फोन केला तर ‘नेट बंद-चालू करून बघा’. मग मी थेट कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. तिथला मुलगा सभ्यपणे बोलला. की वाचून दाखवल्यावर त्याने माझं नाव विचारलं, थोडा थांबला आणि म्हणाला, ‘मॅडम, ही तीन यूजरच्या पॅकची की आहे आणि नोंदणी दुसऱ्याच नावावर आहे.’ म्हणजे दुकानदाराने एक पॅक घेतला आणि त्याची तीच की वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना पूर्ण किमतीला विकली. तीनपेक्षा जास्त ठिकाणी वापर झाला, तेव्हा कंपनीने ती की अडवली. कंपनीचं यात काहीच चुकलं नाही. माझी तक्रार कुठल्याही अँटिव्हायरसबद्दल नाही.

इथवर मला वाटत होतं की दीड हजाराचा प्रश्न आहे. खरी गोष्ट भाच्याने मशीन उघडलं तेव्हा कळली. तो इंजिनीअरिंगला आहे, सुट्टीत आला होता. त्याने तो मेलेला अँटिव्हायरस काढून टाकला. तो निघाल्याबरोबर विंडोजचा डिफेंडर आपोआप जागा झाला, कारण दुसरा अँटिव्हायरस असेल तर डिफेंडर बाजूला होतो आणि तो गेला की परत येतो. पडद्यावर हिरवी खूण आली. सगळं ठीक आहे, काही करण्याची गरज नाही. मी निश्चिंत झाले. भाचा झाला नाही. त्याने नोटपॅड उघडलं आणि आयकारची चाचणी-ओळ त्यात टाकली. ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी ओळ असते, तिने काही बिघडत नाही, पण जगातल्या सगळ्या अँटिव्हायरसांनी ती व्हायरससारखी पकडायची असं ठरलेलं आहे. तिचा उपयोग तेवढाच. त्याने फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली. काहीच झालं नाही. उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. हिरवी खूण तशीच.

मग त्याने विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज असं करत अगदी तळाशी जाऊन एक्सक्लूजन्सची यादी उघडली. डिफेंडरने कुठे बघायचं नाही, त्याची ही यादी. तिच्यात एकच नोंद होती. सी ड्राइव्ह. एखादा फोल्डर नाही, एखादी फाइल नाही, पूर्ण सी ड्राइव्ह. विंडोज, माझं डेस्कटॉप, माझी डॉक्युमेंट्स, डाउनलोड, सगळं. वॉचमन ठेवायचा आणि त्याला बजावून सांगायचं की आपल्या सोसायटीत कोणीही शिरलं तरी मान वर करायची नाही, असा तो प्रकार होता. भाच्याने ती नोंद काढली आणि क्षणात ती चाचणीची फाइल पकडली गेली. तिच्या पाठोपाठ आणखी एक पकडली गेली, आणि ती चाचणीची नव्हती. विंडोजचा क्रॅक होता तो.

तेव्हा सगळं जुळलं. जेन्युइन म्हणून विकलेलं विंडोज चोरीचं होतं. ते अ‍ॅक्टिव्हेट करणाऱ्या क्रॅकला डिफेंडर धोकादायक समजतो आणि उडवतो, म्हणून डिफेंडरचे डोळे झाकले. मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने क्रॅक निकामी होऊ शकतो, म्हणून अपडेट बंद केले आणि मला सांगितलं, मशीन स्लो होतं. डिफेंडर आंधळा करून ठेवल्यावर ‘डिफेंडर काही कामाचा नाही’ असं सांगून त्याच माणसाने मला वर दीड हजाराचा अँटिव्हायरस विकला. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही. क्रॅक असलेलं विंडोज एखाद्याने जाणूनबुजून, स्वस्तात, घेतलं तर तो त्याचा निर्णय. मला बिलात विंडोजचे पैसे लावले गेले होते.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट सापडली. दुरून संगणक चालवायचं एक सॉफ्टवेअर, कायमचा पासवर्ड लावून, मशीन सुरू होताच चालू होईल असं बसवलेलं. मी दुकानात फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘सर्व्हिससाठी लागतं मॅडम, सगळ्यांकडे टाकतो.’ त्याच्या दुकानात कामाला येणारी-जाणारी मुलं किती, तो पासवर्ड कोणाकोणाला माहीत, हे मी विचारलं. उत्तर नाही. ‘तुमच्या मशीनला काही झालंय का? नाही ना? मग?’ हे त्याचं म्हणणं. त्याने त्या फोनवर एकदाही माफी मागितली नाही. फॉरमॅट करून देतो, दोन हजार होतील, असं मात्र सांगितलं.

आता नवीन मशीन घेणाऱ्यांसाठी.

बिलावर ‘कंप्युटर सेट, नग १’ असं लिहिलेलं स्वीकारू नका. विंडोजची ओळ वेगळी, अँटिव्हायरसची ओळ वेगळी, दोन्हींचा परवाना कोणता हे लिहून घ्या. अँटिव्हायरस दुकानातून घेत असाल तर सीलबंद खोका घ्या, की आपल्यासमोर खरवडा आणि नोंदणी आपल्या नावाने, आपल्या ईमेलने, आपल्या हाताने करा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली की घेऊ नका. ‘हे घेतलंत तरच ते देऊ’ अशी सक्ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये निर्बंधात्मक व्यापारी प्रथेत मोडते, कलम २(४१). दुकानात हे कलम नुसतं उच्चारलं तरी सूर बदलतो, हे मी पाहिलंय.

मशीन घरी आलं की आधी विंडोजचं बघा. विंडोजचं बटण आणि आर दाबून जी चौकट येते तिच्यात इंग्रजी अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, एक मोकळी जागा, / ही रेघ आणि एक्स-पी-आर असं टाइप करा. ‘कायमचं अ‍ॅक्टिव्हेट झालेलं आहे’ अशा अर्थाचा संदेश आला तर ठीक, पण त्यावरच विसंबू नका. मात्र व्हॉल्यूम अ‍ॅक्टिव्हेशन अमुक तारखेला संपेल असं दिसलं, तर घरगुती मशीनवर ते असायचं काही कारण नाही. तो कंपन्या-कॉलेजांसाठीचा प्रकार आहे, १८० दिवसांच्या मुदतीचा, आणि बरेच क्रॅक त्याचंच सोंग घेतात. मग एक्सक्लूजन्सची यादी उघडा. नवीन मशीनवर ती रिकामी असली पाहिजे. तिथेच, डिफेंडरच्या सेटिंग्ज परस्पर बदलू न देणारं टँपर प्रोटेक्शन चालू आहे का ते पाहा. बसवलेल्या सॉफ्टवेअरची यादी वाचा आणि दुरून हाताळायचं जे काही दिसेल ते काढून टाका. विंडोज १० टाकून ‘नवीन’ मशीन देत असतील तर घेऊ नका, त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

अपडेट बंद ठेवू नका. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला आणि हॉस्पिटलांपासून कारखान्यांपर्यंत फाइली कुलूपबंद झाल्या, त्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्येच, तो ज्या भगदाडातून शिरला त्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने पाठवली होती. ज्यांनी ती घेतली होती ते त्यातून वाचले.

हे सगळं नीट असेल तर अँटिव्हायरसचा प्रश्न बराच सोपा होतो. डिफेंडर फुकट आहे, विंडोज ८ पासून आतच आहे, आणि जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था ज्या चाचण्या घेते त्यांत गेली काही वर्षं तो बहुतेक वेळा पूर्ण किंवा पूर्णाच्या जवळ गुण घेतो. घरात मेल, बँक, सिनेमे एवढंच असेल तर माझ्या मते तो पुरे. मी स्वतः मात्र पैसे देऊन अँटिव्हायरस घेतला, कारण माझे पेनड्राइव्ह प्रेसमध्ये, झेरॉक्सवाल्याकडे जातात आणि फोल्डर लपवून त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवणारा व्हायरस घेऊन परत येतात. शिवाय व्हायरस पकडण्यासाठी डिफेंडर बराचसा इंटरनेटवरच्या माहितीवर अवलंबून असतो, आणि आमच्याकडे नेट वरचेवर जातं. लहान मुलं असतील, त्यांच्या वेळेवर आणि साइटींवर लक्ष ठेवायचं असेल, किंवा अडचणीत मराठीतून फोनवर बोलणारं कोणी हवं असेल, तरी विकतचा घ्यायला हरकत नाही. क्विक हील पुण्याची, कैलास काटकर यांनी कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या धंद्यातून उभी केलेली, त्याचा अभिमान वाटतो हे खरं आहे. पण अभिमानाने निवडू नका. एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्हज, दोघांचे ताजे निकाल बघून निवडा. दोन अँटिव्हायरस एकत्र कधीही ठेवू नका. जुना काढताना त्याच कंपनीचं काढून टाकायचं टूल वापरा, नाहीतर अवशेष राहतात.

फुकटचा बाहेरचा घेणार असाल तर तो पैसे कुठून मिळवतो ते शोधा. अवास्टने आपल्या वापरकर्त्यांच्या ब्राउझिंगची माहिती जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्यांना १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. जंपशॉट २०२० मध्येच बंद झाली होती, पण माहिती तर गेलीच.

ऑनलाइन घेतलंत तर आपोआप नूतनीकरणाची खूण आधी काढा. पहिल्या वर्षाची किंमत मोठ्या अक्षरात आणि दुसऱ्या वर्षाची बारीक अक्षरात असते, माझ्या भावाच्या लॅपटॉपवर तेच झालं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवणं बंधनकारक आहे. तो मेसेज वाचा. सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणं ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्न्सविषयीच्या मार्गदर्शक सूचनांनी भारतात मना आहे.

बाकी सगळे सांगतात तेच. बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर घ्या आणि काम झालं की ती काढून ठेवा. रोजच्या वापराला अ‍ॅडमिन नसलेलं खातं ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

माझं मशीन आम्ही पूर्ण पुसलं. विंडोज पुन्हा विकत घेतलं, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून पेनड्राइव्हवर उतरवून घरीच टाकलं. बँकेचे, मेलचे सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलले. त्यात दिवाळी अंकाचं एक काम माझ्या हातून गेलं, त्याची भरपाई कोण देणार?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बिल, व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज आणि एक्सक्लूजन्सच्या यादीचा फोटो जोडून. पुसण्याआधी ते सगळे फोटो काढून ठेवले होते म्हणून जोडता आले, तुम्हीही आधी फोटो काढा. त्यानंतर दुकानदाराचा स्वतःहून फोन आला. अँटिव्हायरसचे दीड हजार त्याने परत केले. विंडोजचेही देतो म्हणाला, पण तक्रार मागे घेतल्याचं आणि मशीनमध्ये काहीही दोष नव्हता असं लिहून द्या, अशी अट घातली. मी लिहून दिलेलं नाही.