पॉवर विडर सुरू होत नाही? गॅरेजला नेण्याआधी क्रमाने हे तपास करा



आजचा धडा मशीनचा आहे. वर्षभर पडवीत उभा असलेला जुना पॉवर विडर आता बाहेर निघेल. राब भाजून झालेत, पहिला पाऊस पडला की पेरणी, मग चिखलणी आणि आवणी. नेमकं तेव्हाच मशीन दोरी ओढून ओढून दमवतं आणि सुरू होत नाही. मग जीप करा, मशीन चढवा, जव्हारला नाहीतर मोखाड्याला न्या, पार्ट नसला तर नाशिकची वाट बघा. यात चार-पाच दिवस सहज जातात. आणि आपल्या उताराच्या वावरात वाफसा किंवा चिखल आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून आजच, पाऊस यायच्या आत, मशीन सुरू करून बघा. नाही झालं तर खालचे तपास *याच क्रमाने* करा. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, अवघड नंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोरी ओढून बघा. चार गोष्टी एकदम उघडल्या तर बिघाड कशात होता ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथूनच सुरुवात.

हा धडा *फोर स्ट्रोक पेट्रोल इंजिनाच्या* विडरसाठी आहे. ओळखायचं कसं? इंजिनाला ऑइल टाकायचं वेगळं तोंड आणि ऑइल मोजायची दांडी असेल तर फोर स्ट्रोक. अशा मशीनच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं नाही. पाठीवरच्या ग्रास कटरला बहुतेक वेळा पेट्रोलमध्येच ऑइल मिसळतात, त्याचा डबा वेगळा ठेवा. दोन्हींची अदलाबदल झाली तर मशीनचं नुकसान होतं.

*आधी सुरक्षा*
▪️ मशीन घराबाहेर, सपाट जागी घ्या. बंद खोलीत इंजिन चालवू नका, त्याच्या धुराने माणूस बेशुद्ध होऊन दगावू शकतो.
▪️ चूल, बिडी, काडेपेटी लांब. इंजिन थंड असू द्या.
▪️ दात्यांना हात लावण्याआधी स्विच बंद करा आणि *प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा*. टोपी लावलेली असेल तर दाते हाताने फिरवतानाही इंजिन झटका घेऊ शकतं.
▪️ लहान मुलांना जवळ उभं करू नका.

*तपास १ : मशीन बंद कसं पडलं होतं ते आठवा*
मागच्या वेळी कोण चालवत होतं, त्याला विचारा.
▪️ दिवा विझावा तसं एकदम बंद पडलं, तर संशय करंटवर : स्विच, वायर, प्लग.
▪️ धक्के खात, घुटमळत बंद पडलं, तर संशय पेट्रोलवर.
▪️ जोर कमी होत गेला आणि काळा धूर आला, तर संशय हवेच्या फिल्टरवर.
▪️ निळा धूर येत होता आणि ऑइल कमी होत होतं, तर इंजिन आतून झिजलं असू शकतं.
▪️ चालू होतं, नीट ठेवलं आणि आता सुरूच होत नाही, तर पहिला संशय टाकीतल्या जुन्या पेट्रोलवर.

*तपास २ : बाहेरून बघायच्या गोष्टी*
स्विच चालू आहे का? पेट्रोलचा कॉक उघडा आहे का? थंड इंजिनाला चोक लावला का, आणि सुरू झाल्यावर काढला का? हसू नका, घाईत हेच राहून जातं.

मग ऑइल बघा. मशीन सपाट ठेवा, दांडी पुसा, परत घालून काढा. बऱ्याच इंजिनांत दांडी आटे न फिरवता नुसती टेकवून मोजतात, आपल्या मशीनचं पुस्तक बघून खात्री करा. ७ एचपीच्या आसपासच्या इंजिनात साधारण ६०० मिली ऑइल मावतं. कमी असेल तर भरा, पण खुणेच्या वर नको. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर आत पाणी गेलंय. ते पूर्ण काढून नवीन टाकल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

*उतारावर बंद पडणारं मशीन :* काही इंजिनांत ऑइल कमी झालं की करंट तोडणारा सेन्सर असतो. उतारावर मशीन कललं की ऑइल एका बाजूला जातं आणि सेन्सरला वाटतं ऑइल संपलं. सपाटीवर आणलं की मशीन पुन्हा सुरू होतं. असं होत असेल तर आधी ऑइल खुणेपर्यंत भरा आणि शक्य तिथे उतार उभा न चढता आडवं काम करा. सेन्सरची वायर कायमची तोडून टाकू नका.

*तपास ३ : पेट्रोल*
आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओल्या होतात, तिथे टाकीतलं पेट्रोल कसं कोरडं राहणार?

▪️ टाकीतलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर बसला तर ते पाणी आहे. रंग गडद आणि वास आंबूस असेल तर पेट्रोल खराब झालंय. दोन्ही वेळा टाकी पूर्ण रिकामी करा.
▪️ जुनं पेट्रोल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा वावरात ओतू नका. झाकणाच्या डब्यात वेगळं ठेवा आणि गॅरेजमध्ये द्या.
▪️ कॉकखाली छोटी वाटी असते, ती काढून गाळ पुसा.
▪️ कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा बोल्ट सोडा. वाटीत चिकट पिवळा थर किंवा पाणी दिसलं तर स्वच्छ करा. मधल्या जेटचं बारीक भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतं का बघा. बुजलं असेल तर फुंकर किंवा पंपाची हवा मारा, नाहीतर विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक तार घाला. *सुई किंवा लोखंडी तार घालू नका*, भोक मोठं झालं तर मशीन पेट्रोल पीत राहील.
▪️ वाटीचं रबर वायसर फाटू देऊ नका, नाहीतर पेट्रोल गळतं.

*झाकणाची परीक्षा :* मशीन सुरू होतं, पाच-दहा मिनिटांनी बंद पडतं, थोड्या वेळाने परत सुरू होतं. असं असेल तर टाकीचं झाकण सैल करून चालवून बघा. चाललं तर झाकणाचं हवेचं भोक मातीने बुजलंय. ते साफ करा, काम झालं.

*तपास ४ : प्लग आणि करंट*
प्लग काढण्याआधी आजूबाजूची माती फडक्याने साफ करा, नाहीतर ती थेट इंजिनात पडते. प्लगचं तोंड बघा. आतली हकीकत तोच सांगतो :
▪️ फिकट तपकिरी : इंजिन ठीक.
▪️ कोरडा ठणठणीत : पेट्रोल पोचत नाही, तपास ३ पुन्हा करा.
▪️ पेट्रोलने ओला : जास्त पेट्रोल गेलंय किंवा करंट नाही. स्विच आणि चोक बंद करून, प्लग बाहेर ठेवून दोरी ५-६ वेळा ओढा. प्लग पुसून वाळवा आणि परत लावा.
▪️ काळी कोरडी काजळी : फिल्टर बुजलाय किंवा चोक लावलेलाच राहिलाय.
▪️ काळा आणि ऑइलने चिकट : ऑइल वर येतंय.

ब्रशने प्लग साफ करा. टोकांतलं अंतर बऱ्याच अशा इंजिनांत ०.७ ते ०.८ मिमी असतं, म्हणजे हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीपेक्षा किंचित जास्त.

*ठिणगी बघताना :* पेट्रोलचा डबा दहा पावलं लांब ठेवा, सांडलेलं पुसून वाळू द्या. प्लगच्या भोकावर कोरडं फडकं ठेवा. प्लग टोपीत बसवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा, त्याचे आटे भोकापासून लांब इंजिनाच्या लोखंडाला टेकवा. स्विच चालू करून दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. सावलीत निळी, टणक ठिणगी दिसली पाहिजे. नसेल तर आधी दुसरा चांगला प्लग लावून बघा.

तरीही ठिणगी नाही? मग स्विचकडे जाणारी वायर बघा. जुन्या मशीनची वायर हँडलला घासून सोलते किंवा उंदीर कुरतडतात. उघडी तार लोखंडाला टेकली की मशीनला वाटतं स्विच बंद आहे. ती वायर इंजिनाजवळ सोडवून परत ठिणगी बघा. आली तर दोष वायरचा किंवा स्विचचा. टेप लावून किंवा वायर बदलून *पुन्हा जोडा*. बंद करायचा स्विच नसलेलं मशीन वावरात नेऊ नका, दात्यात पाय अडकला तर थांबवणार कसं? वायर सोडवूनही ठिणगी नसेल तर कॉइलचा संशय. ते काम मेकॅनिकचं.

*तपास ५ : हवा*
फिल्टर उघडा. स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोड्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळा. खाली ऑइलची वाटी असेल तर जुनं गढूळ ऑइल टाकून खुणेपर्यंत नवीन भरा. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हलका झटकायचा, फारच मळला तर बदलायचा. फिल्टर काढून मशीन चालवू नका, धुळीने इंजिन झिजतं.

*तपास ६ : दोरीचा जोर*
प्लग लावून, स्विच बंद ठेवून दोरी हळू ओढा. मध्येच जोर लागला पाहिजे. अजिबात जोर न लागता दोरी सरसर आली तर व्हॉल्व्ह किंवा रिंगचा दोष असू शकतो. *इथे थांबा*, इंजिन घरी उघडू नका.

दोरी हलतच नसेल तर प्लग काढून ओढा. आता फिरली तर आत ऑइल किंवा पेट्रोल भरलंय. मशीन आडवं केल्यावर असं होतं. चार-पाच वेळा हळू ओढून बाहेर काढा. प्लग काढूनही फिरत नसेल तर ताकद लावू नका, इंजिन जाम आहे. पुढच्या वेळी दाते साफ करायला मशीन कलवाल तेव्हा *फिल्टर आणि कार्बोरेटरची बाजू वर* राहू द्या.

*इंजिन चालतं पण दाते फिरत नाहीत?*
क्लचची केबल तुटली, सैल झाली किंवा गंजली का बघा. बेल्टचं मशीन असेल तर अंगठ्याने दाबा. एक-दीड सेंटिमीटरपेक्षा जास्त दबला तर ताण द्या, तडे गेले असतील तर बदला. दात्यांच्या शाफ्टवर पेंढा, दोरी, साडीची चिंधी गुंडाळलेली असेल तर कापून काढा. ती तशीच राहिली तर सील कापलं जातं आणि गिअर बॉक्सचं ऑइल गळतं.

*काम संपल्यावर ठेवायचं कसं*
▪️ टाकी रिकामी करा, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. कार्बोरेटरही कोरडा होतो. पुढच्या वर्षीचा अर्धा त्रास इथेच वाचतो.
▪️ हंगाम संपला की इंजिन ऑइल बदला.
▪️ दोरी जोर लागेपर्यंत ओढून तिथेच सोडा, म्हणजे व्हॉल्व्ह बंद राहून आत ओल जात नाही.
▪️ माती धुवून, वाळवून, दात्यांना जुनं ऑइल फासा. युरिया आणि मिठाच्या गोणीजवळ ठेवू नका, लोखंड लवकर गंजतं.
▪️ गटाचं मशीन असेल तर हँडलला वही बांधा. कोणी किती तास चालवलं, ऑइल कधी बदललं, ते लिहा.

*आपल्याला कळवा*
सगळे तपास करूनही मशीन सुरू झालं नाही तर याच मेसेजवर उत्तर पाठवा : मशीन किती एचपीचं, बंद कसं पडलं, कोणत्या तपासापर्यंत आलात, आणि *प्लगच्या तोंडाचा जवळून फोटो*. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा. एवढी माहिती घेऊन गॅरेजला गेलात तर मेकॅनिकला शोधत बसावं लागत नाही आणि नको तो पार्ट बदलला जात नाही.

हा मेसेज शेजारच्या विडरवाल्यालाही दाखवा. ऐन आवणीत एका पाड्यात एकच मशीन चालू असलं तर सगळ्यांचीच कामं अडतात.