उन्हाळ्याच्या सुट्टीतील श्रमदान

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचिया नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील पुष्कळ लोक कोळशाच्या खाणींत राबत. पुढे खाणींत यंत्रे आली, कित्येक खाणी बंद पडल्या आणि अनेकांची रोजी बुडाली. पैशाअभावी घरांची डागडुजी होईना. छपरे गळू लागली, फळ्या कुजल्या.

१९६९ साली ग्लेन ‘टेक्स’ इव्हान्स या मेथडिस्ट धर्मोपदेशकांनी ५० स्वयंसेवक जमवून केंटकी राज्यात ४ घरे दुरुस्त केली. ‘अ‍ॅपलाचिया सर्व्हिस प्रोजेक्ट’ या संस्थेचा आरंभ तो हाच.

या संस्थेच्या शिबिरांत शाळकरी मुलेमुली सुट्टीचा एक आठवडा मोठ्यांच्या देखरेखीखाली राबतात. फळ्या कापणे, खिळे ठोकणे, छप्पर घालणे ही कामे ती तेथेच शिकतात. घर उबदार, सुरक्षित व कोरडे व्हावे, हा त्यांचा हेतू असतो. कुटुंबाकडून मोबदला घेतला जात नाही.

माणूस जसा असेल तसा त्याचा स्वीकार करावा, ही इव्हान्स यांची शिकवण होती. म्हणून तेथे कोणी उपकारकर्ता म्हणून जात नाही. नुसती कीव केल्याने छप्पर गळायचे थांबत नाही. त्यासाठी शिडीवर चढावे लागते.